जोखमीचा पत्ता

हृदयविकारावर मराठीत पुस्तकांना तोटा नाही. तेल कोणतं वापरावं, तूप खावं की नाही, रोज किती चालावं, अँजिओप्लास्टीनंतर जिना चढावा का, हे सगळं कुणी ना कुणी लिहून ठेवलेलं आहे आणि त्यातलं बरंचसं चांगलंही आहे. हे पुस्तक त्या रांगेतलं नाही. पथ्याचा तक्ता शोधत कुणी ते उघडलं असेल तर त्याची निराशा होईल. मला वेगळ्याच प्रश्नामागे जायचं आहे. हृदयविकार आणि पक्षाघात हे दोन्ही रक्तवाहिन्यांचे आजार. मग त्यांनी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या वयात आणि इतक्या वेगवेगळ्या प्रमाणात का गाठावं? जपानी माणसाला हार्ट ॲटॅक क्वचित येई, पण पक्षाघाताने मात्र तिथली गावंच्या गावं पोखरली होती, ती का? ॲमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामी लोकांचा रक्तदाब म्हातारपणीही चढत नाही, तो का? आपल्या उपखंडातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा जवळपास सहा वर्षं आधी का येतो? आणि गडचिरोलीच्या खेड्यांत, जिथे बैठं काम आणि चमचमीत खाणं या दोन्ही गोष्टी दुर्मीळ, तिथे मृत्यूच्या कारणांत लकवा पहिला कसा?

दवाखान्यात नातेवाईक विचारतात तो प्रश्न निराळा असतो. “डॉक्टर, यांना सुपारीचंही व्यसन नाही, मग यांनाच का?” एका माणसापुरतं याचं खात्रीचं उत्तर कुणापाशी नसतं. हजार माणसांबद्दल मात्र बरंच काही सांगता येतं, आणि दोन गावं शेजारी ठेवून पाहिली तर त्याहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2019 या एका वर्षात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी 1 कोटी 79 लाख माणसं गेली. त्यातले 85 टक्के मृत्यू हार्ट ॲटॅकचे आणि पक्षाघाताचे. एवढ्या मोठ्या आकड्याला प्रत्येकाचं नशीब म्हणून बाजूला सारता येत नाही.

बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट, मधुमेह, वजन ही जोखमीची यादी आता शाळकरी पोरांनाही पाठ असते. ती तयार झाली एका गावात. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दुपारी त्यांचा रक्तदाब 300/190 इतका नोंदला गेला. तो एका दिवसात चढला नव्हता. कित्येक वर्षं चढतच होता. पण वयाबरोबर बीपी वाढायचंच, किंबहुना म्हाताऱ्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायला ते वाढलेलंच बरं, असं मानणारे नामांकित डॉक्टर तेव्हा पुष्कळ होते. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला अशा समजुतीच्या छायेत मरण आलं. तीन वर्षांनी, जून 1948 मध्ये, त्यांच्यानंतरचे अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या गावात एक लांबलचक अभ्यास सुरू झाला.

साधारण तीस ते बासष्ट वयाचे 5,209 स्त्री-पुरुष निवडले गेले. दर दोन वर्षांनी त्यांना बोलवायचं, तपासायचं आणि वाट पाहायची: कोण आजारी पडतं, कोण नाही. गावाने त्याआधी क्षयरोगावरच्या एका मोठ्या प्रकल्पात भाग घेतलेला होता, त्यामुळे डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधण्याचं तिथे कुणाला अप्रूप नव्हतं. विशेष म्हणजे निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. पुढच्या कित्येक अभ्यासांनी बायकांना हृदय असतं हेच मनावर घेतलं नाही. 1961 साली विल्यम कॅनेल, थॉमस डॉबर आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांचा हिशेब मांडला आणि जोखीम घटक ही कल्पना त्यातून वैद्यकात रुजली. पुढे या लोकांची मुलं अभ्यासात आली, मग नातवंडं आली.

फ्रेमिंगहॅमचं ऋण मोठं आहे. पण ते गाव जवळजवळ सगळं युरोपीय वंशाच्या गोऱ्या मध्यमवर्गीयांचं होतं, आणि त्यांच्यावरून बेतलेलं कोष्टक जगभरच्या दवाखान्यांत भिंतीवर लागलं. वय टाका, बीपी टाका, कोलेस्टेरॉल टाका, पुढच्या दहा वर्षांतला धोका काढा. 2001 साली अमेरिकेतच ते इतर समाजांवर ताडून पाहिलं गेलं. गोऱ्या आणि काळ्या अमेरिकनांना ते बरं लागू पडलं. होनोलुलूतल्या जपानी वंशाच्या पुरुषांचा धोका मात्र त्याने फुगवून सांगितला. मोजमाप चुकीचं नव्हतं. सुरुवातीचा आकडा दुसऱ्याच मुलखाचा होता.

आपल्याकडे हे कसं दिसतं त्याचं एक उदाहरण देतो, कारण तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. तपासणीच्या फॉर्मवर प्रश्न असतो: “धूम्रपान करता का?” समोरची बाई साठीची, काष्ट्याच्या लुगड्यातली, ती नाही म्हणते आणि खरंच सांगते. तिच्या कमरेच्या पिशवीत मशेरीची डबी असते. सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा, झोपण्याआधी एकदा, चाळीस वर्षं. फॉर्मवर मात्र तिच्या नावापुढे ‘नाही’. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ओढणारे चार टक्क्यांच्या आतच होते, पण खाणारे आणि घासणारे जवळपास चौथा हिस्सा. आणि चघळायच्या तंबाखूनेही हार्ट ॲटॅकचा धोका दुपटीच्या घरात जातो, हे बावन्न देशांच्या अभ्यासात दिसलेलं आहे. त्या अभ्यासाकडे पुढे येतोच.

फ्रेमिंगहॅम एकटंच पुरेसं नाही हे ओळखणाऱ्यांत अँसेल कीज हा मिनेसोटाचा खटपटी माणूस आघाडीवर होता. 1958 पासून त्याने सात देशांतल्या चाळीस ते एकोणसाठ वयाच्या साडेबारा हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी उभी केली: अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस, जपान. कीजवर आक्षेप पुष्कळ आले आणि सगळेच अनाठायी नाहीत. देश त्याने सोयीने निवडले, बायका वगळल्या, आणि संपृक्त चरबीवर त्याचा इतका भर होता की साखरेसारखे प्रश्न मागे पडले. पण एक गोष्ट त्या आक्षेपांनी पुसली जात नाही. पूर्व फिनलंडचे लाकूडतोडे, दिवसभर कुऱ्हाड चालवणारी पिळदार माणसं, हृदयविकाराने सगळ्यांत जास्त मरत होती, आणि क्रीट बेटावरचे शेतकरी सगळ्यांत कमी. अंगमेहनत केली की हृदय सुरक्षित, ही भोळी समजूत तिथेच मोडली. त्या फिनलंडातल्या उत्तर करेलिया प्रांताने मग 1971 मध्ये सरकारकडे अर्ज केला की आमच्यासाठी काहीतरी करा. पुढच्या वर्षी पेक्का पुस्का नावाचा सत्तावीस वर्षांचा डॉक्टर कामाला लागला. गृहिणींच्या मंडळांनी पदार्थ बदलले, दूध-लोण्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवलं गेलं, कोणतं गाव कोलेस्टेरॉल जास्त उतरवतं याच्या गावागावांत स्पर्धा लागल्या. साडेतीन दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. एवढ्या काळात कुणाचे जनुक बदलत नाहीत.

जपानची हकीकत मला यापेक्षाही बोलकी वाटते, आणि या पुस्तकात तिला दोन प्रकरणं मिळाली आहेत ती त्यामुळेच. 1951 पासून 1980 पर्यंत पक्षाघात हे जपानमधल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं. त्यातही ईशान्येचे प्रांत, विशेषतः आकिता, कुप्रसिद्ध. तिथे हिवाळाभर बर्फ साचतो. कोकणात आगोटीला सुकी मासळी, लोणची, सांडगी मिरची भरून ठेवतात तसं आकितात भाजीपाला, मुळे, मासे सगळं मिठात घालून ठेवायचे. त्यावर दिवसातून दोन-तीनदा मिसोचं खारट सूप. 1950 च्या दशकात तिथल्या शेतकऱ्याच्या पोटात रोज 25 ग्रॅमच्या पुढे मीठ जात होतं. आज जागतिक आरोग्य संघटना 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. चरबी मात्र ताटात जेमतेम. कोलेस्टेरॉल कमी, त्यामुळे हृदयाच्या धमन्या मोकळ्या. बीपी भयंकर, त्यामुळे मेंदूतल्या बारीक वाहिन्या फुटायच्या. कोलेस्टेरॉल अगदीच कमी आणि बीपी चढलेलं असेल तर मेंदूत रक्तस्रावाचा धोका उलट वाढतो, हे जपानी डॉक्टरांनी याच खेड्यांत पाहिलं. आकितातल्या इकावा या गावात 1963 पासून गावकऱ्यांचं बीपी मोजायला सुरुवात झाली. देशात 1961 साली सगळ्यांना आरोग्यविमा मिळाला होता, त्यामुळे मोजून झालं की औषधही मिळे. मीठ हळूहळू उतरलं आणि पक्षाघाताचे मृत्यू त्याहून भराभर उतरले.

आता याच लोकांचे भाऊबंद बोटीत बसून गेले तिकडे पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी हजारो जपानी हवाईच्या उसाच्या मळ्यांत आणि कॅलिफोर्नियात मजुरीला गेले. 1965 च्या सुमारास संशोधकांनी हिरोशिमा-नागासाकी, होनोलुलू आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या जपानी पुरुषांची एकाच पद्धतीने तपासणी केली. एकच वंश, तीन मुक्काम. हृदयविकार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत मधला, कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त. पक्षाघाताचं मात्र उलटं: जपानमध्येच तो सर्वांत जास्त. माणूस बोटीतून उतरला की त्याचा रोग बदलतो, याचा इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात फार थोडा आहे.

त्याच्या पुढचा भाग जास्त अडचणीत टाकणारा. मायकेल मार्मट आणि लिओनार्ड साइम यांनी 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या जपान्यांचेच दोन गट तोलून पाहिले. जे जपानी पद्धतीने, आपल्या समाजाला धरून राहत होते त्यांच्यात हृदयविकार जपानइतकाच कमी. जे पूर्ण अमेरिकन झाले त्यांच्यात तीन ते पाच पट. आणि हा फरक खाण्याने, सिगारेटने किंवा बीपीने पुरता उलगडेना. भोवती आपली माणसं असणं हृदयाला मानवतं असा याचा अर्थ लावला गेला. मला तो पटतो, पण तो सिद्ध झाला आहे असं मी म्हणणार नाही. पाहणीतून दिसलेली गोष्ट आणि प्रयोगाने दाखवलेली गोष्ट यांत अंतर असतं, आणि हृदयविकाराच्या इतिहासात ते विसरल्याने पुष्कळांचं हसं झालेलं आहे.

लंडनने या बाबतीत दोन मजेदार अभ्यास दिले. जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये लंडनच्या डबलडेकर बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसाकाठी पाचशेच्या वर पायऱ्या चढणारा. पगार, वस्ती, वर्ग सगळं सारखं, पण हृदयविकार वाहकांत बराच कमी. मॉरिस तिथे थांबले नाहीत. त्यांनी कंपनीच्या गणवेशाच्या नोंदी उघडल्या आणि विजारींच्या कमरेची मापंच काढली: जवळपास प्रत्येक वयात चालकाची कंबर मोठी. म्हणजे नोकरीने माणूस जाड झाला की जाड माणसानेच बसायची नोकरी धरली, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षाला विचारला. असा संशोधक विरळा.

दुसरा अभ्यास सरकारी कचेरीतला, 1967 पासूनचा. व्हाइटहॉलच्या साहेबांना हृदयविकार होतो तो जबाबदारीच्या ताणाने, असा सगळ्यांचा समज होता. निघालं उलटंच. सर्वांत खालच्या पायरीवरच्या शिपाई-दरवानांत हृदयविकाराचे मृत्यू वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक, आणि प्रत्येक पायरीला एकेक जिना उतरावा तसा धोका वाढत जाणारा. उपचार सगळ्यांना सरकारी आणि फुकट. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही निम्म्याहून जास्त फरक शिल्लकच राहिला. हुकूम सोडणाऱ्यापेक्षा हुकूम झेलणाऱ्याचं हृदय लवकर थकतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयातल्या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याला सांगायची गरज नाही.

जेफ्री रोझ यांनी 1985 साली या सगळ्याला एक घाट दिला. त्यांनी केनियातले भटके पशुपालक आणि लंडनचे सरकारी नोकर यांच्या बीपीचे आलेख शेजारी ठेवले. दोन्हीकडे कुणाचं कमी, कुणाचं जास्त; पण लंडनचा आलेख अख्खाच्या अख्खा उजवीकडे सरकलेला. लंडनमध्ये बसून अमक्याचं बीपी तमक्यापेक्षा जास्त का, हे शोधलंत तर उत्तर कदाचित आनुवंशिकतेत सापडेल. पण सगळ्या लंडनचंच बीपी जास्त का, हा प्रश्न तिथे बसून सुचणारही नाही, कारण तुलनेला दुसरं कुणी समोर नसतं. या पुस्तकाचा सगळा डोलारा रोझ यांच्या याच मुद्द्यावर उभा आहे.

मिठाच्या बाबतीत त्याची तपासणी झाली. 1988 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात 32 देशांतल्या 52 केंद्रांवर दहा हजारांवर लोकांची लघवी तपासून त्यातलं सोडियम मोजलं गेलं. यानोमामींच्या आहारात वरून मीठ नाहीच. त्यांचं सरासरी बीपी 96/61 च्या आसपास, आणि वयाबरोबर चढण नाही. केनियात लुओ जमातीची तरुण मुलं खेड्यातून नैरोबीत कामाला आली तेव्हा त्यांच्या मागे राहून मोजमाप केलं गेलं. पहिल्या काही महिन्यांतच बीपी चढायला लागलं. रिचर्ड कूपर यांनी 1990 च्या दशकात पश्चिम आफ्रिकी वंशाचे लोक तीन ठिकाणी गाठले. नायजेरियाच्या खेड्यांत उच्च रक्तदाब 7 टक्के प्रौढांत, जमैकात 26, अमेरिकेतल्या शिकागोजवळच्या वस्तीत 33. अमेरिकेत तोवर काळ्यांच्या रक्तातच काहीतरी आहे असं सर्रास म्हटलं जाई. तेच रक्त नायजेरियात गप्प बसलेलं दिसलं.

आता आपल्याकडे वळतो, कारण वाचकाची उत्सुकता तिथेच असणार. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकाराचे मृत्यू इतरांपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त आहेत, हे लक्षात आल्यावर पॉल मॅककीग यांनी पश्चिम लंडनमध्ये शोध घेतला. गंमत अशी की पंजाबी शीख, गुजराती हिंदू, बांगलादेशी मुसलमान या सगळ्यांतच धोका जास्त. कुणी शाकाहारी, कुणी मांसाहारी. कुणी भरपूर सिगारेट ओढणारे, कुणी धर्माने तंबाखूला शिवत नाहीत असे. समान धागा होता तो मधुमेहाचा आणि पोटावर साठलेल्या चरबीचा. त्याच शहरात कॅरिबियनमधून आलेल्या काळ्या लोकांत बीपी जास्त, मधुमेह जास्त, पक्षाघात जास्त, पण हृदयविकार गोऱ्यांपेक्षाही कमी. सगळ्यांना एकाच यादीने मोजणाऱ्यांनी या दोन शेजाऱ्यांकडे जरा वेळ पाहावं.

मग हे आपल्या रक्तातलं समजायचं? घाई नको. 1995 साली पश्चिम लंडनमधले पंजाबी आणि पंजाबात राहिलेली त्यांची सख्खी भावंडं यांची तुलना छापून आली. लंडनच्या भावाचं वजन, बीपी, कोलेस्टेरॉल, साखर सगळं गावाकडच्यापेक्षा जास्त. सारखा होता तो फक्त लायपोप्रोटीन-ए हा रक्तातला घटक, जो बहुतांशी जन्मजातच ठरतो आणि दोन्हीकडे गोऱ्यांपेक्षा जास्त होता. म्हणजे वारशाने थोडा उतार दिलेला असतो. त्यावरून गाडी किती वेगाने सोडायची हे मुक्काम ठरवतो.

सलीम युसूफ हे मूळचे केरळचे. त्यांनी कॅनडातून उभारलेल्या इंटरहार्ट अभ्यासात 52 देशांतले सुमारे 15,000 ॲटॅकचे रुग्ण आणि जवळपास तितकेच इतर लोक तपासले गेले. 2004 साली निष्कर्ष आला की नऊ घटकांनी जगभरातल्या पहिल्या ॲटॅकची सुमारे 90 टक्के जोखीम उलगडते, आणि हे नऊ घटक सगळ्या खंडांत तेच आहेत. पक्षाघातावरच्या तशाच अभ्यासात दहा घटक निघाले, आणि त्यात बीपीचा वाटा एकट्याचा जवळपास निम्मा. या इंटरहार्टमधून दक्षिण आशियाचा वेगळा हिशेब नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मांडला. पहिल्या ॲटॅकचं मध्यम वय आपल्याकडे 53, इतरत्र 58.8. त्या निबंधाचा दुसरा निम्मा भाग मात्र वर्तमानपत्रांतून गळाला. नऊही घटक हिशेबात धरले की वयातली ही तफावत बहुतेक नाहीशी होते. आपल्याला झटका लवकर येतो कारण साखर, वाईट कोलेस्टेरॉल आणि पोट आपल्याकडे लवकर येतं. “आपल्या लोकांचं असंच असतं” असं म्हणून हात झटकायला त्यात जागा नाही.

लवकर म्हणजे किती लवकर, याचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालयात लागला, आणि त्याची वाट इंग्लंडमधल्या जुन्या वह्यांतून येते. हर्टफर्डशायर परगण्यात 1911 पासून आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन खतावणीत लिहून ठेवत. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या शोधून काढल्या आणि 1989 मध्ये दाखवलं की जी बाळं हलकी होती तीच पन्नाशी-साठीत हृदयविकाराने जास्त गेली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत आयांचीच नोंद ठेवायला सुरुवात केली. गर्भार राहण्याआधी या बायकांचं वजन सरासरी 42 किलोच्या आसपास. शेतातलं काम, पाणी भरणं, नवव्या महिन्यापर्यंत. बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळाचे स्नायू, पोटातले अवयव, डोकं सगळं लहान. पण पाठीवरची त्वचा चिमटीत धरून मोजली तर चरबीचा थर जवळपास इंग्लिश बाळाइतकाच. काटकुळं दिसणारं ते बाळ आतून लठ्ठ होतं. पुढे असं दिसलं की बहुतेक आयांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी, आणि त्याच वेळी फोलेट जास्त असेल तर मूल सहा वर्षांचं होताना इन्शुलिनला दाद न देण्याकडे त्याचा कल अधिक.

याज्ञिकांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. शेजारी उभे आहेत त्यांचे ब्रिटिश स्नेही जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय 22.3, म्हणजे कोणत्याही तक्त्याप्रमाणे ठणठणीत. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. हा फोटो मी दवाखान्यात लावून ठेवावा असं पुष्कळदा मनात येतं, कारण “मी तर बारीक आहे, मला कसली शुगर?” हे वाक्य ऐकल्याशिवाय आठवडा जात नाही. आशियाई पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरपर्यंत ठीक, ही वेगळी मर्यादा आता जगाने मान्य केली आहे. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते.

आणि गडचिरोली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 86 गावांतल्या 2011 ते 2013 या दोन वर्षांतल्या प्रत्येक मृत्यूचं कारण घरोघरी जाऊन शोधलं. सर्वांत जास्त मृत्यू पक्षाघाताने, शंभरातले चौदा, आणि त्यातली बहुतेक माणसं घरातच गेली. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तोवर रुग्ण स्कॅनच्या यंत्रापाशी पोचला पाहिजे, आणि यंत्र जिल्ह्याच्या गावी. पण त्याच्याही कितीतरी आधीची गोष्ट म्हणजे बीपीची गोळी. ती सुरू होते, महिन्याभरात बरं वाटतं, पट्टी संपते, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी आठवते, आणि गोळी बंद होते. बीपी दुखत नाही, हाच त्याचा मोठा दुर्गुण.

जगाच्या नकाशावरही हेच चित्र उमटतं. युसूफ यांच्याच ‘प्युअर’ अभ्यासात 17 देशांतले दीड लाखाहून अधिक लोक होते. 2014 मध्ये त्यातून निघालं की जोखमीचे घटक सर्वांत जास्त श्रीमंत देशांत आणि सर्वांत कमी गरीब देशांत; प्रत्यक्ष झटके आणि मृत्यू मात्र बरोबर उलटे. दर हजारी वर्षाला गंभीर घटना श्रीमंत देशांत 4, गरीब देशांत 6.4. याच अभ्यासाच्या आधीच्या पाहणीत गरीब देशांतल्या ज्यांना आधीच ॲटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला होता, अशांपैकी 80 टक्के लोक एकही औषध घेत नव्हते. ॲस्पिरिनसारखी पैशा-दोन पैशांची गोळीसुद्धा नाही. जोखमीच्या यादीत एक रकाना कायम सुटतो, तो हा: तुमच्या घरापासून औषध किती लांब आहे?

वेगवेगळ्या लोकांचा अभ्यास हा नुसता तक्रारींचा हिशेब नाही, हेही सांगायला हवं. टेक्सासमधल्या डॅलसच्या अभ्यासात काही काळ्या लोकांचं वाईट कोलेस्टेरॉल जन्मापासूनच कमी आढळलं. त्यांच्यातला एक जनुक, पीसीएसके-9, निकामी होता. 2006 मध्ये कळलं की दर शंभर काळ्या अमेरिकनांत दोन-तीन जण असे असतात आणि त्यांना हृदयविकाराचा धोका 88 टक्के कमी असतो. त्यावरून तयार झालेली इंजेक्शनं 2015 पासून बाजारात आहेत आणि आज पुण्या-मुंबईतल्या रुग्णांनाही दिली जातात. संशोधक फ्रेमिंगहॅममध्येच थांबले असते तर हा दुवा हाती लागायला बराच उशीर झाला असता.

प्रकरणांचा क्रम देशांप्रमाणे ठेवला आहे, पण वाचकाने तो पाळलाच पाहिजे असं नाही. आकडे नकोसे वाटणाऱ्यांनी जपान आणि पुणे आधी वाचावं. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी रोझवरचं प्रकरण टाळू नये, परीक्षेला येत नसलं तरी. बायकांच्या हृदयविकाराचं प्रकरण हवं त्याहून तोकडं आहे; गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात दोन्ही आजारांचा धोका अधिक असतो, आणि प्रसूतीनंतर तिला कुणी तो सांगत नाही, एवढं तरी त्यातून घरी न्यावं.

एक विनंती आहे. तुमचं वय तिशीच्या पुढे असेल तर बीपी आणि साखर सरकारी उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत मोजून मिळते. गावातल्या आशाताई जो फॉर्म भरून घेतात त्यात कंबरेचं माप आणि तंबाखू, दोन्ही विचारलेलं असतं. मशेरी असेल तर ती न लाजता सांगा. आकडा तारखेसह लिहून ठेवा, घरातल्या सगळ्यांचा. आणि गोळी सुरू असेल तर बरं वाटतंय म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका.